फेराबाहेरचा हात

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

इतके दिवस पत्र नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. बाबांना दवाखान्यातून घेऊन तुम्ही घरी निघालात, तेव्हा गाडीच्या खिडकीशी उभी राहून मी म्हणाले होते, "पोचले की लगेच लिहिते," जणू पोचणार मीच होते. तू हसली होतीस. त्यानंतर दोनदा कागद पुढे घेतला. 'बाबा कसे आहेत?' एवढं लिहून झालं की हात पुढे चालायचा नाही. कामाचं कारण देता येईल, पण ते खरं नाही. उत्तराची भीती वाटत होती. फोनवर मी डॉक्टरांसारखी बोलते आणि पत्रात माणसासारखी, असं तू मागे म्हणाली होतीस. ते मला लागलं, म्हणजे बरोबरच असणार. म्हणून पत्र.

परवा दादाने टेकडीवर चढून फोन केला. म्हणाला, बाबा सकाळी पायरीवर बसतात ते संध्याकाळी उठून आत जातात. चालायला सांगितलं की विचारतात, "कुठे जायचंय?" हे ऐकून मला आमची दवाखान्यातली चौथ्या मजल्यावरची खोली आठवली. तिथे पट्टे सरकत असतात आणि हृदयविकारातून उठलेली माणसं छातीला वायरी लावून त्यावर जागच्या जागी चालतात. समोर खिडकी, खिडकीतून दिसतात त्या खाली लावलेल्या गाड्या. मी मध्ये उभी राहून "छान, अजून थोडं" म्हणत असते. बाबांनाही एकदा पट्ट्यावर चढवलं होतं. उतरल्यावर त्यांनी चहूकडे पाहिलं आणि विचारलं, "आलो कुठे?" सगळे हसले. मीही हसले. पण प्रश्न बरोबर होता. जन्मभर डोंगर चढलेल्या माणसाला जागच्या जागी चालायला सांगायचं म्हणजे काय?

तेव्हापासून फेर डोक्यात आहे. आपला फेर. मोठ्या डॉक्टरांना मी तो समजावून सांगितला, टेबलावर बोटाने गोल काढून. म्हटलं, हातात हात धरून गोलात नाचायचं, नाचता नाचता गायचं. आधी संथ ढोल, मग मधला, शेवटी चढा. एकदा धरलेला हात, दुसऱ्या कुणी येऊन तो धरेपर्यंत सोडायचा नाही, नाहीतर फेर मोडतो. म्हणून एक माणूस बाहेर उभं असतं. आतलं कुणी दमलं की बाहेरचं आत शिरतं आणि दमलेल्याला सोडवतं. डॉक्टरांनी विचारलं, "हा व्यायाम किती वेळ करतात?" मी म्हटलं, "कुणी व्यायाम म्हणून करत नाही." थोडा विचार करून ते म्हणाले, "संथ आणि मधला चालेल. चढा नको. गाण्याची ओळ तुटायला लागली की बाहेर."

आता अडचण सांगते. बाबांना "बाहेर या" म्हटलं तर ते येणार नाहीत. हात घ्यायला कुणी समोर दिसलं, तरच येतील. म्हणून वहिनी, तू बाहेर उभी राहशील का? बाकी कुणासाठी नाही, फक्त त्यांच्यासाठी. चढा ढोल लागला की त्यांचा हात घे आणि त्यांना बसव. तुझ्यावर आणखी एक काम टाकतेय, हे मला दिसतंय. दिसूनही टाकतेय.

तुझी,
नणंद

उद्या: फेर आणि बाबांच्या गोळ्या एकत्र चालतील का, हे डॉक्टरांना पुन्हा विचारणे. (रोजनिशीची सवय. पानाच्या शेवटी उद्याचं एक काम लिहिते. पत्रातही उतरलं, राहू दे.)


२८ जानेवारी

प्रिय डॉक्टरीणबाई,

तू डॉक्टर नाहीस, पट्टेवाली आहेस, हे तू मला दहादा सांगितलंस. तरी मी डॉक्टरीणबाईच म्हणणार. घरात एक तरी असावी.

तुझी माफी पोचली, डब्यात घालून ठेवली. पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

आता तुझ्या बाबांची कथा ऐक. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "फेर औषध आहे? मग जन्मभर औषधच खात होतो की मी. तरी आडवा कसा झालो?" ह्यांनी मात्र शक्कल लढवली. पायरीपाशी ढोल आणून ठेवला आणि म्हणाले, "कातडं सैल पडलंय, जरा ऐकून सांगा." आणि मुद्दाम वाईट वाजवलं. बाबा आधी तोंड फिरवून बसले. मग म्हणाले, "गोधडी झटकतोस का?" ह्यांनी पुन्हा तसंच वाजवलं. "अरे, हात मोडलाय का तुझा?" आणि बोलता बोलता त्यांचा पाय पायरीवर ताल धरायला लागला. मी आतून बघत होते. बघता बघता दूध उतू गेलं. ते तुझ्या नावावर लिहिलंय.

चार दिवसांनी शाळेमागच्या मोकळ्या जागेत फेर धरला. लोहारकाकू आल्या, रिटायर झालेला पोस्टमन आला, आणखी सात-आठ जण. बाबा लोहारकाकूंशेजारी. संथ ढोलात त्यांची पावलं अडखळली, मधल्यात लागली. मी तुझ्या हुकमाप्रमाणे बाहेर, पदर खोचून, पहारेकऱ्यासारखी. चढा ढोल लागला तशी आत शिरले. त्यांनी माझा हात काकूंच्या हातात दिला आणि म्हणाले, "घे. तुझ्या नणंदेचं राज्य आहे." पण बसले हो. दगडावर बसून तिथूनच गात होते.

तेव्हापासून एक दिवसाआड चाललंय. मी बाहेर उभी असते तेव्हा गार वारा लागतो आणि चढ्या ढोलात एकदम शिरले की खालची दाढ अशी ठणकते, अगदी कानापर्यंत. खाली बसले की थांबते. तोंड उघडं ठेवून गाते, वारा दातात शिरत असणार. ह्यांना कळवू नकोस. ते लगेच फेर बंद करतील आणि म्हातारबाबा परत पायरीवर. शाळेचे कपडे शिवायला घेतलेत, मशीनवर बसलं की डावा खांदा भरून येतो, पण ते नेहमीचंच.

तुझ्या पत्राखालचं ते 'उद्या' मला आवडलं. माझं उद्या म्हणजे आजचंच, फक्त धुतलेलं.

वहिनी


१६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी डब्यातली पोळी हातात धरून वाचलं आणि पोळी तशीच राहिली. बाबांचा पाय ताल धरायला लागला, त्या ओळीवर थांबले. डॉक्टरांनाही ती वाचून दाखवली. अर्थात दुधाचं सोडून.

त्याचा परिणाम असा की डॉक्टरांनी आमच्या खोलीतही फेर सुरू करायला सांगितलं. पट्टे भिंतीला सरकवले. पहिल्या दिवशी एक निवृत्त बँक मॅनेजर, एक बसचालक आणि दोन आज्या एकमेकांचे हात धरायला इतके लाजले की मला वाटलं, हृदयापेक्षा हेच अवघड आहे. ढोल म्हणून दादाचाच जुना रेकॉर्ड केलेला आवाज लावते. पण स्पीकर ऐकत नाही ना. दादा फेराचा श्वास ऐकून हात हलका करतो, स्पीकर आपला वाजतच राहतो. मग मी धावत जाऊन बटण दाबते. तरी माणसं हसायला लागली आहेत. बसचालक म्हणाला, "बाई, पट्ट्यावर मी एकटा मरत होतो, इथे निदान कंपनी आहे." इथेही एक माणूस बाहेर असतं, आणि ते मी असते. ते मला आवडतं. आवडतं म्हणजे बरोबर आहे का, हे मी स्वतःला विचारते. कागदावर याला 'उपक्रम' लिहितात. तो शब्द लिहिताना आपल्या घरातली वस्तू परक्याच्या कपाटात ठेवल्यासारखं वाटलं. मग बसचालकाचं तोंड आठवलं आणि लिहिला.

बाबांबद्दल जरा नीट कळव. पायावर सूज आहे का? नडगीवर अंगठा दाबून बघ, खळगा राहतो का. झोपताना उशी किती उंच लागते? फेर झाल्यावर चेहरा पांढरा पडतो की लाल? गाण्याची ओळ कुठे तुटते? तू डोळे उघडे ठेवणारी आहेस म्हणून विचारते. तू नसतीस तर मला काहीच कळलं नसतं.

दाढेला लवंगेचं तेल लाव आणि एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखव, अंगावर काढू नकोस. दादाला सांगत नाही.

तुझी,
नणंद

उद्या: बाबांच्या रक्ततपासणीची तारीख काढणे.


२० मार्च

प्रिय डॉक्टरीणबाई,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं क्रमाने, नाहीतर तू मला नापास करशील. सूज गेली. अंगठा दाबला, खळगा नाही. दाबताना म्हणाले, "कणीक आहे का मी?" उशी एकच. चेहरा लालसर, जरा माजलेला. ओळ तुटत नाही, उलट दुसऱ्यांच्या चुका काढतात. परवा न सांगता विहिरीपर्यंत जाऊन आले. मी ओरडले, तर म्हणाले, "कुठे जायचंय ते माहीत असलं की चालता येतं."

बाई, तू त्यांना परत आणलंस. मला लाडीगोडी जमत नाही, म्हणून एकदाच लिहिते.

माझी दाढ काढली. दातवाला म्हणाला, किडलेली दिसत नाही, पण दुखतेय तर काढू. काढली. तरी चढ्या ढोलात दुखतंच. शेजारची दाढ असेल, नाहीतर त्याने चांगलीच काढून नासकी ठेवली असेल. तेवढंच तोंड कमी चालेल, असं हे म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या ढोलापेक्षा बरं चालतं.

आता फेर मोठा झालाय. बाबा उठले हे ऐकून वरच्या वस्तीतलेही येतात, त्यामुळे चढा ढोल लांबतो. मला जरा दम लागतो, वय झालं. परवा मजा झाली. मी आत शिरले, बाबा नेहमीसारखे दगडावर. फेर संपल्यावर म्हणतात, "सूनबाई, तुझा आवाज येत नाही हल्ली." मी म्हटलं, "इतकी वर्षं सासरी काढली, आता कुठे सुनेसारखी वागायला लागले, तर तुम्हाला आवाज पाहिजे?" पोस्टमन इतका हसला की त्याला उचकी लागली. बाबा मात्र हसले नाहीत. म्हातारपणी विनोद लवकर कळत नाहीत.

वहिनी

उद्या: (तुझ्यासारखं) काही नाही. उद्या रविवार.


११ एप्रिल

प्रिय वहिनी,

सुनेचा आवाज वाचून मी एकटीच इतकी हसले की शेजारच्या टेबलावरची नर्स उठून आली. डॉक्टरांनाही सांगितलं. तेही हसले.

बाबांचे रिपोर्ट आले. हृदयाचं काम आधीपेक्षा स्पष्टपणे सुधारलंय. डॉक्टरांनी कागद दोनदा उलटून नाव तपासलं, दुसऱ्या कुणाचा तर नाही ना म्हणून. चालणं, पथ्य, गोळ्या या सगळ्याचा त्यात वाटा आहे, फेरानेच झालं असं मी म्हणणार नाही. पण फेर नसता तर ते चाललेच नसते, एवढं नक्की. डॉक्टर म्हणतात, आता एक दिवसाआड कशाला, रोज धरायला हरकत नाही. तेव्हा रोज धरा. चढ्या ढोलाचा नियम मात्र तोच. तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे.

मी खूश आहे आणि खूश असले की मला उगाच शंका येते, काहीतरी बघायचं राहून गेलंय. सारखी मागे वळून गॅस बंद केला का ते बघणारी मी. या वेळी ठरवलंय, मागे बघायचं नाही.

दुसरी दाढही दाखवून घे.

तुझी,
नणंद

उद्या: खोलीच्या दारावर लावायला फेराच्या वेळा लिहिणे.


१९ मे

धाकटे,

अनेक आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय नाही, सांभाळून घे. तू आलीस, मोठ्या दवाखान्यात वहिनीच्या पलंगाशी सहा दिवस उभी राहिलीस, सगळे कागद पाहिलेस आणि परत गेलीस. त्या दिवशी काय झालं ते तू विचारलं नाहीस. मलाही सांगता आलं नाही. पलंगाच्या अलीकडे पलीकडे उभे राहून आपण दोघं सलाइनकडे बघत होतो. आता लिहितो.

ढोल वाजवताना मी डोळे मिटतो. फेर मला दिसत नाही, ऐकू येतो. कुणाचा श्वास तुटला की हात आपोआप हलका पडतो, मला ठरवावं लागत नाही. त्या संध्याकाळी चढा ढोल चालू होता आणि मधूनच मला फेरातून बाबांचा आवाज आला. दगडावरून नाही, फेरातून. मला राग आला. वाटलं, म्हातारा ऐकत नाही, माज आलाय, परत आत घुसला. ढोल थांबवून ओरडलो, "बाबा, मरायचंय का?"

डोळे उघडले, तर बाबा तिच्या जागी उभे, दोन्हीकडचे हात धरून. आणि तुझी वहिनी त्यांच्या पायाशी मातीत बसलेली, हाताने जबडा धरून. चेहरा भिंतीसारखा पांढरा. मला म्हणाली, "ओरडू नका हो, मीच बोलावलं." बोलावलं नव्हतं. तिला बोलवायला आवाजच नव्हता. बाबा सांगतात, त्यांना दगडावरून तिचा गाण्यातला आवाज शोधायची सवय लागली होती, आणि तो बऱ्याच दिवसांपासून येत नव्हता. त्या दिवशी त्यांना राहवलं नाही, उठून जवळ गेले. मी रोज ढोल वाजवत होतो आणि मला पत्ता नाही. तुटणारा आवाज मला कळतो गं. नसलेला कळला नाही.

लोहारकाकूंनी एक सांगितलं, ते तुला सांगायलाच पाहिजे. त्या म्हणाल्या, ती सारखी मान वळवून बाहेर बघत होती. हात घ्यायला कुणी आहे का म्हणून. बाहेर कुणी नव्हतं. बाहेर उभं राहणारी तीच होती ना. ती आत शिरली की बाहेरची जागा रिकामी. हे इतक्या दिवसांत आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. हात सोडला असता तर फेर मोडला असता, दुसरं काय होणार होतं? पण तिने सोडला नाही. आपण कुणीच सोडला नसता.

आता घरी आणलंय. बसून असते. चार पावलं चालली की थांबते, आणि थांबल्याचं लपवायला दाराला काहीतरी लागलंय असं बघत राहते. बाबांनी पायरी धरली. फेर बंद आहे. म्हणतात, "माझं दुखणं तिने घेतलं." गोळ्या हातात घेऊन बसतात आणि शेवटी घेतात, पण सांगून सांगून.

ढोल मी उलटा करून ठेवलाय.

दादा


२४ मे

प्रिय वहिनी,

दादाचं पत्र आलं. उत्तर तुला लिहिते.

दवाखान्यात मी तुझा कार्डिओग्राम हातात घेतला तेव्हा आधी सवयीने वाचला, मग वरचं नाव वाचलं. तुझ्या हृदयाचा एक भाग आता नीट आकुंचन पावत नाही. तिथल्या डॉक्टरांनी तुला "थोडी विश्रांती" म्हणून सांगितलं. पूर्ण सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. रक्तवाहिनी बरीच आधीपासून अरुंद होत आली असणार. ती फेराने झाली नाही. पण अंग गरम न करता एकदम चढ्या ढोलात शिरायचं, रोज, आणि तेवढंच नाचायचं, हे कुठल्याही पेशंटला मी करू दिलं नसतं. तुला मी ते करायला सांगितलं. लिहून सांगितलं.

आमच्या खोलीत एखादी बाई "चालताना जबडा दुखतो, उभं राहिलं की थांबतो" म्हणाली, तर मी पट्टा त्या क्षणी बंद करते. हे माझं काम आहे. तू तेच शब्द लिहिलेस आणि मी लवंगेचं तेल सांगितलं. असं कसं झालं, हा प्रश्न मी रोज वेगळ्या बाजूने धरून बघते. मला वाटतं, तू मला बाबांकडे बघायची खिडकी झाली होतीस. खिडकीला काही दुखत असेल असं वाटत नाही.

मी इथे बाहेर उभी राहते, असं केवढ्या प्रेमाने लिहिलं होतं मी. माझ्यामागे दोन नर्स असतात, एक डॉक्टर असतो आणि भिंतीवर लाल बटण असतं. तुझ्यामागे कोण आहे, हे मी एकदाही विचारलं नाही.

खोलीतला फेर मी थांबवला होता. बसचालक रोज विचारायचा. शेवटी आठ दिवसांनी पुन्हा सुरू केला. तो रडायला आला होता, म्हणजे तसं काही म्हणाला नाही, टोपी हातात घेऊन उभा राहिला. माझ्या अपराधाचा दंड त्याने का भरावा?

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन.

तुझी,
नणंद


९ जून

प्रिय डॉक्टरीणबाई,

हे पत्र तीन बैठकांत लिहितेय, म्हणून अक्षर तीन प्रकारचं आहे. घाबरू नकोस.

सगळा दोष एकटीने उचलून नेऊ नकोस, माझ्या वाट्याचा ठेव. तुझी ही जुनी खोड. लहानपणी म्हणे घरात काही फुटलं की न विचारता "मी फोडलं" म्हणायचीस, बाबांनी सांगितलंय मला. मग ज्याने फोडलं त्याने काय करायचं?

मला कळलं होतं. दाढ काढल्यावरही दुखलं, तेव्हाच कळलं की ही दाढ नव्हे. काय आहे ते नाही कळलं, पण दाढ नव्हे एवढं कळलं. तुला सरळ लिहिलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिली असतीस. म्हणून विनोद करून लिहिलं. विनोदात घातलं की तुम्ही शिकलेली माणसं हसता आणि पुढे जाता, हे मला माहीत आहे. बाबा विहिरीपर्यंत जात होते गं. गात होते. ह्यांच्या चुका काढत होते. घर कसं घरासारखं झालं होतं. म्हटलं, एवढं जरा होऊ दे, मग बघू.

आता आम्ही दोघं पायरीवर असतो. एका पायरीवर दोन आजारी, येणाऱ्याला आत शिरायला वाट नाही. ते माझ्याकडे बघत नाहीत. रागाने नाही, लाजेने. सासरा सुनेपुढे लाजतो, उलटंच आहे आमच्याकडे. काल ते पेंगले होते तेव्हा मी हळूच त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा राहिला. किती तरी वेळ तसाच.

तू शिकवलंस म्हणून मला त्याचा अर्थ कळतो.

माझं जे व्हायचं ते होईल. खोटं कशाला, भीती वाटते. संध्याकाळी जास्त. पण ते जर असेच बसून राहिले, तर मी मातीत बसले ते फुकट गेलं. मी हे त्यांना सांगू शकत नाही, मला दम लागतो आणि त्यांना ऐकवत नाही. ह्यांना सांगितलं, तर उठून बाहेर जातात.

तू ये. दोन दिवसांसाठी टेबल पुसल्यासारखी येऊन जाऊ नकोस, राहायला ये. माझी जागा रिकामी आहे. तुझे पट्टे तुझ्यावाचून फिरतील.

वहिनी


२१ जून

प्रिय वहिनी,

रजा मिळाली, लांबची. मोठे डॉक्टर आधी नाही म्हणाले, मग त्यांनी तुझे रिपोर्ट मागितले. बराच वेळ बघत होते. मी विचारलं, "ती फेरात उभी राहू शकेल का?" ते म्हणाले, "खुर्ची ठेवा. बसून गाऊ दे. ओळ तुटली की थांबू दे." मी विचारलं, "पुढे?" त्यांनी चष्मा काढून पुसला. मला हे पुसणं ओळखीचं आहे, मीही नातेवाइकांपुढे तेच करते, फक्त माझ्याकडे चष्मा नाही. 'तू बरी होशील' असं लिहायला मी पेन दोनदा टेकवलं आणि उचललं. मला माहीत नाही, वहिनी. तुझ्या गोळ्या बदलायच्या आहेत, मीठ बंद करायचंय. नव्या गोळ्या मी सोबत आणतेय. एवढंच माहीत आहे.

बाबांनाही मी समजावणार नाही. माझी समजावणी त्यांनी एकदा ऐकली आणि काय झालं ते ते पायरीवर बसून रोज बघतात. ते उठतील की नाही सांगता येत नाही. मी दादाला ढोल सुलटा करायला सांगेन, आणि तू खुर्चीत बसून एक ओळ म्हण, जमली तर. तुझा आवाज शोधायची त्यांना सवय आहे. उठले तर त्यावर उठतील, माझ्यावर नाही.

उठले तर मी बाहेर असेन. संथ ढोलापासूनच बाहेर जागच्या जागी पावलं टाकत राहीन, थंड अंगाने आत शिरणार नाही. इथे चौथ्या मजल्यावर जिन्याने चढायला लागलेय. दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं. लोकांना रोज "अजून थोडं" म्हणणारी मी. काल स्वतःचा कार्डिओग्राम काढून घेतला. मशीनवरचा माणूस घाबरून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला काय झालं?" म्हटलं, "काही नाही, नाचायला जातेय." त्याला पटलं नाही. पट्टी नीट आली.

बसचालकाला खोलीत बाहेर उभं राहायचं शिकवलंय. तो म्हणाला, "म्हणजे मी राखीव ड्रायव्हर." त्याच्यामागे नर्स आहे का, हे मी तीनदा विचारलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "आहे हो बाई, तुम्ही जा."

हे पत्र टाकायला वेळ नाही. गाडी सकाळची आहे, पत्र माझ्याच पिशवीतून येईल आणि मीच तुझ्या हातात देईन. तोंडाने यातलं काही बोलता येणार नाही, मी मला ओळखते. तू वाचत असशील तेव्हा मी पायरीवर बाबांशेजारी बसलेली असेन, काही न विचारता.

तुझी,
नणंद

उद्या: मी आत शिरले की बाहेर कोण उभं राहील, हे दादाला विचारणे.